घेवड्याचं पाणी

"अगं, सगळी चव ओतून दिलीस!" आमच्या मेक्सिकोतल्या घरमालकीणबाई दारातूनच ओरडल्या. मी काळा घेवडा रात्रभर भिजवला होता आणि त्याचं पाणी सिंकमध्ये ओतत होते. जांभळं-काळं पाणी, अगदी पिकल्या जांभळाच्या रसासारखं. बाईंनी माझ्या हातातली चाळणीच काढून घेतली.

मला राग आला. मी कोरेगावची, वाघ्या घेवड्याच्या मुलखातली. आमच्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. मला घेवडा शिजवायला कोणी शिकवायचं? आईने शिकवलंय, कडधान्य भिजवायचं आणि पाणी टाकून द्यायचं. त्यात चूक काहीच नाही. पोटात गॅस धरणाऱ्या शर्करा त्या पाण्यात उतरतात. आणि कडवे वाल न भिजवता, न सोलता कोणी करून दाखवावेत!

दुसऱ्या दिवशी बाई मातीचं भांडं घेऊनच आल्या. त्याला इथे ओया म्हणतात. अर्धा किलो काळे फ्रिहोलेस, म्हणजे घेवडाच, टेबलावर पसरून निवडायला बसल्या, थेट माझ्या आजीसारख्या. काळ्या दाण्यांत दाण्याएवढाच एक काळा खडा निघाला. माझ्या नजरेतून तो नक्की सुटला असता.

धुतलेले दाणे न भिजवताच ओयात. वर भरपूर पाणी, अर्धा पांढरा कांदा, चार लसूण पाकळ्या आणि चमचाभर चरबी (माझ्यासाठी तेल). मसाला काही नाही. मग मंद आच. आमचं हे पुएब्ला शहर महाबळेश्वरापेक्षाही कितीतरी उंच, 2,100 मीटरच्या वर. इथे पाणी 93 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून दाणा शिजता शिजत नाही. कुकर बाईंकडेही आहे, रोजच्या घाईत तोच लावतात. पण रविवारी ओयाच. पाणी आटलं की गरमच घालायचं, गार नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं.

अडीच तासांनी दाणा बोटाने दबला. मग मीठ आणि एपासोतेची एक काडी. हा पाला पहिल्यांदा हुंगला तेव्हा मला रॉकेलच आठवलं होतं. पण शेवटच्या पंधरा मिनिटांत तो रश्श्यात असा मुरतो की वेगळा ओळखू येत नाही. घालण्याचं कारण आपल्या हिंगाचंच, पोटाला बाधू नये म्हणून. ओआहाका राज्यात याऐवजी अ‍ॅव्होकॅडोची पानं घालतात, बडीशेपेच्या वासाची.

आणि तो रस्सा! दाट, काळाभोर, नुसता वाटीने प्यावा असा. तीन वर्षं मी हाच रंग ओतून देत होते आणि यांचा घेवडा बेचव म्हणत होते. घेवडा मुळात अमेरिका खंडातला, तिथूनच आपल्याकडे आला, हेही मी नंतर वाचलं. तरी गोड्या मसाल्याची, गूळ घातलेली घेवड्याची आमटी वेगळी ती वेगळीच. ती मी कुणाला बदलू देणार नाही. वालाचं पाणीही मी ओतणारच. काळा घेवडा मात्र आता न भिजवता लावते. उरलेला दुसऱ्या दिवशी कांद्यावर घोटून परतते. त्याला रेफ्रितोस म्हणतात. दोनदा तळलेले असा त्याचा अर्थ मी धरून चालले होते, पण तो आहे चांगले परतलेले.

गेल्या रविवारी नवऱ्याचे दोन मित्र न सांगता जेवायला आले. बाईंनी जिन्यातून हाक दिली, "फ्रिहोलेसमध्ये पाणी वाढव!" इथली ही म्हणच आहे, आपण आमटीत वाढवतो तसंच. मी किटली ठेवली आणि दोन पेले पाणी वाढवलं. गरमच.