'पोटात दुखायलंय' म्हणून आलेला कॉल

बीएएमएस झाल्यावर मी १०८च्या गाडीवर लागलो. ही सेवा राज्यात २०१४ला सुरू झाली, आणि मला पोस्टिंग मिळालं बीड जिल्ह्यात, केजच्या बाजूला. गाडीत डॉक्टर एक, पायलट एक (ड्रायव्हरला इथं पायलटच म्हणतात), बाकी पेशंट आणि मावतील तेवढे नातेवाईक. अपघाताचं एक बरं असतं, काय झालंय ते दिसतं. घाम फुटतो तो 'पोटात दुखायलंय' आणि 'बोलंना गेलेत' या कॉलना.

एका सीनियरनं सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं: पुढच्यांकडं सीटी आहे, सोनोग्राफी आहे, निदान ते करतील. तू एवढंच काढ, कधीपासून आणि कुठं न्यायचं.

'कधीपासून' विचारणं वाटतं तेवढं सोपं नाही. लकव्याच्या पेशंटच्या घरी उत्तर ठरलेलं, 'सकाळपासून'. म्हणजे सकाळी उठवायला गेले तेव्हा तोंड वाकडं दिसलं. मला हवं असतं ते शेवटचं धडधाकट कधी पाहिलं. रात्री दहाला बोलून झोपले असतील तर वेळ दहापासून मोजायची. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, तेही मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटीत पाहून. त्यामुळं सीटी नसलेल्या दवाखान्यात सलाईन लावत बसण्यात अर्थ नाही, आणि लकव्याचं औषध देणाऱ्या गावाला आधी जाऊन येण्यात तर नाहीच. निघताना बोटाला सुई टोचून साखर तेवढी बघतो. साखर उतरली तरी हुबेहूब लकवा वाटतो, आणि ग्लुकोज गेलं की माणूस उठून चहा मागतो.

पोटाचं याहून किचकट. आतडं फुटलेलं पोट फळीसारखं कडक लागतं, ते हाताला कळतं. पण पन्नाशीतला शुगरवाला माणूस 'गॅस झालाय' म्हणत घामानं डबडबला असेल तर आधी ईसीजी, तो हार्ट अटॅकही असू शकतो. आणि तरुण बाई ओटीपोट धरून चक्कर येऊन पडली, तर पाळी कधी आली होती हे सासऱ्यासमोर विचारून खरं उत्तर मिळत नाही. सगळ्यांना बाहेर काढून विचारायचं. गर्भनळीतला गर्भ फुटला की रक्त पोटातच साचतं, बाहेर फारसं काही दिसत नाही.

या दोन्हींत न बसणारा कॉल मण्यार साप चावल्याचा, आणि आमच्याकडं पावसाळ्यात तो येतोच. एका पहाटे असाच आला. विशीतला पोरगा, पोटात कळा, उलट्या. घरच्यांनी पित्त म्हणून सोडा पाजलेला. पोट मऊ, ताप नाही. काही चावलं का म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, "नाही ओ, झोपला होता की."

"कुठं झोपला होता?"

"हितंच, खाली."

बॅटरी घेऊन अंगभर बघितलं, खूण नाही. मण्यारीचे दात बारीक. सूज नाही, आग नाही. झोपेतल्या माणसाला कळतही नाही. त्याला म्हटलं, वर बघ, बघतच राहा. पापण्या आपोआप खाली यायला लागल्या. "झोप आलीय त्याला," बाप म्हणाला. मग श्वासाचा दम कळावा म्हणून एका श्वासात आकडे मोजायला लावले. घरात २२पर्यंत गेला. गाडी डांबरीला लागल्यावर १४. अंबाजोगाई यायच्या बरंच आधी ९वर अडकला आणि आवाज नाकातून यायला लागला. ऑक्सिजन तेव्हाही ९७ दाखवत होता, म्हणून त्या मशीनवर मी विसंबत नाही.

गिळता येईना म्हणून तोंडात लाळ साचली. डाव्या कुशीवर घेतलं, सक्शन केलं. पायलटला म्हटलं, पुढं फोन लाव, मण्यार म्हणून सांग, व्हेंटिलेटर मोकळा ठेवायला सांग. श्वास उथळ झाला तसा पाठीवर घेऊन अंबू बॅग धरली, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी. पाच-सहा सेकंदांनी एक दाब, छाती वर येतेय का बघायचं, पुन्हा दाब.

मण्यारीच्या विषानं स्नायू गळतात, पण मेंदू जागा असतो. डोळे मिटलेले, बाहुल्या पसरलेल्या, उचललेला हात धपकन पडतो. बघणाऱ्याला वाटतं संपलं. त्याला मात्र ऐकू येत असतं. म्हणून बापाला सांगितलं, रडू नका, त्याच्याशी बोलत राहा. काय बोलावं हे त्या माणसाला सुचेना. सोयाबीन, फवारणी, सोसायटीचं कर्ज, आणि शेवटी म्हैस नेमकी कितीला विकली तेही सांगून झालं.

दवाखान्यात नळी टाकली, एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या लसीच्या, १० व्हायल चढवल्या. रक्तात फिरणारं विष ती लस बांधते, मज्जातंतूंच्या टोकांशी बसलेलं उपटत नाही. त्यामुळं व्हेंटिलेटरवर काही दिवस काढावेच लागतात. पोरानं काढले. नंतर स्टँडवर भेटला, बापही सोबत होता. पाया पडायला लागला, मी धरला.

"साहेब," म्हणाला, "घरी ह्यांनी म्हशीचा भाव कमी सांगितला होता."