पांढरी चार

माझा आवाज आठवीच्या दिवाळीच्या सुट्टीत फुटला. त्याआधी तीन वर्षं शाळेची प्रार्थना मी सांगत असे. एरवी काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी षड्ज (सा) धरून, गायचो आणि तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लावताना मान वर करावी लागते हेही मला ठाऊक नव्हतं, इतका तो सहज लागायचा. सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी व्हरांड्यात उभा राहिलो, पहिली ओळ उचलली आणि दुसऱ्या ओळीला आवाज मधोमध चिरला. मागची रांग हसली. मी ओळ पुन्हा घेतली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सरांनीच पेटीवर ओळ वाजवून प्रार्थना पुढे नेली.

स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं तेव्हा मैदान, गॅदरिंग, पन्हाळ्याची सहल असं बरंच आठवलं. पण मला शाळेने जे दिलं ते त्या चिरलेल्या दुसऱ्या ओळीपासून सुरू होतं, म्हणून तेच लिहितो.

संगीताच्या सरांची खोली जिन्याखाली होती. एक तंबोरा, दोन तबले, एक पेटी आणि सरांची खुर्ची एवढ्यातच ती भरून जायची. त्या दुपारी सरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "आवाज गेलेला नाही बाळ, तो घर बदलतोय. सामान हलवून होईपर्यंत त्याला हाका मारू नकोस." या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, मुलाचा आवाज जवळपास सप्तकभर खाली उतरतो, हे त्यांनी फळ्यावर चित्र काढून समजावलं.

मला ते पटलं, पण धीर धरवला नाही. पहाटे उठून रंकाळा तळ्यावर जायचो आणि संध्यामठाच्या बाजूला बसून काळी पाचचा षड्ज ओढून काढायचो. महिनाभरात घसा बसला. पुढे आवाज स्थिरावला तो काळी एकवर, आणि त्याला कायमची खर राहिली. दोष कुणाचाच नाही. सरांनी सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.

त्या दिवसांत सरांनी मला अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट सांगितली. आपल्या कोल्हापुरात ती पुष्कळांना माहीत असते, पण मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. खाँसाहेब 1895 मध्ये शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि 1922 साली महाराज गेले तोवर इथेच राहिले. इथे येण्याच्या कितीतरी आधी, ऐन उमेदीत, अतोनात गाण्याने त्यांचा आवाज बसला होता. बराच काळ गाणं बंद. आवाज परत आला तो पूर्वीचा नव्हता. मग त्यांनी त्या उरलेल्या आवाजाला झेपेल, शोभेल अशी गायकीच नव्याने बांधली. सरळ धावणाऱ्या तानेऐवजी वळणं घेत जाणारी पेचदार तान, लयीच्या अंगाने चालणारा आलाप, अनवट राग. आज आपण जिला जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो ती ही गायकी. सर म्हणाले, "पहिला आवाज टिकला असता तर खाँसाहेब मोठे गवई झाले असतेच. पण ही गायकी झाली असती का, सांग." मी काय सांगणार? तेरा वर्षांचा मुलगा. मला माझा तार षड्ज परत हवा होता.

मग सरांनी मला पेटीवर बसवलं.

पेटी हाती आली आणि कळलं की तिला माझ्यापेक्षा मोठं दुखणं आहे. तिला मींड नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं नाही. गळा गंधारावरून पंचमावर घसरत जातो, सारंगीवर बोट सरकतं, पेटीत मात्र एक पट्टी सोडायची आणि दुसरी धरायची, मधली वाट नाहीच. याच कारणाने 1940 साली रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती पुढे जवळपास तीन दशकं राहिली. आणि याच पेटीवर आपल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी असा हात बसवला होता की गवई त्यांची साथ मागून घेत. ही दोन्ही सत्यं सरांनी मला एकाच दिवशी सांगितली, आणि मी त्या दोन्हींच्या मधोमध आजवर बसलेला आहे.

दुसरं दुखणं सुराचं. एकदा सरांनी तंबोरा काळी एकमध्ये लावला आणि मला डोळे मिटून खर्जाची, सगळ्यात खालच्या षड्जाची, तार ऐकायला लावली. बराच वेळ काहीच नाही. मग त्या तारेच्या आत, कुणी न छेडलेला गंधार बोलताना ऐकू आला. अंगावर काटा आला. "आता पेटीचा दे." मी पांढरी चार दाबली, काळी एकला षड्ज धरला की गंधार तिथे येतो. दोन गंधार एकमेकांवर घासले आणि हवेत एक लहर उठली, सेकंदाला जवळपास तीन हेलकावे. पेटीचा सप्तक बारा सारख्या भागांत वाटलेला असतो. एका भागाचे शंभर तुकडे केले तर पेटीचा गंधार तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा सुमारे 14 तुकडे चढा पडतो. चौदाच. पण एकदा ऐकला की तो टोचतच राहतो.

मला झोप लागेना. आबा उद्यमनगरात लेथवर होते, घरी कानशी असायच्या. शनिवारी शाळा सुटल्यावर मी कुणाला न विचारता पेटी उघडली, पांढरी चारचा सूर जिच्यातून निघतो ती रीड काढली आणि घरी नेली. रीडची पितळी जीभ नखाएवढी रुंद. टोकाकडे घासली तर हलकी होऊन सूर चढतो, रिव्हेटकडच्या मुळाशी घासली तर लवचीक होऊन उतरतो, एवढं सरांकडून ऐकलेलं. जिभेखाली ब्लेडचं पातं सरकवून मी मुळाशी कानस फिरवू लागलो. आबा शेजारी येऊन बसले. म्हणाले, "जपून. मटेरियल काढाय येतंय, लावाय येत न्हाई." दोन घासे, फुंकून बघायचं, पुन्हा एक घासा. सोमवारी शाळा भरण्याआधी रीड बसवली, तंबोरा छेडला, पट्टी दाबली. लहर नाही. गंधार गंधारात मिसळून गेला होता. तसा आनंद मला नंतर फार थोड्या वेळा झाला आहे.

अर्ध्या तासाने प्रार्थना झाली. प्रार्थनेची पट्टी, म्हणजे षड्जाची जागा, पांढरी एक. त्या पट्टीत पांढरी चार म्हणजे मध्यम, आणि तो बिचारा उतरून पडला होता. शाळाभर मुलं बेसूर होऊन थांबली. काय झालं ते सरांना लगेच कळलं. ओरडले नाहीत. खोलीत नेऊन म्हणाले, "एका षड्जापुरता खरा केलास. बाकीच्या अकरा षड्जांचं काय?" आणि रीड काढून माझ्या हातात दिली. संध्याकाळी मी ती टोकाकडून घासून पुन्हा चढवली. आबा बघत होते. "म्हंजे हितं घासून तितलं भरून येतंय व्हय?" असं म्हणून त्यांनी ती रीड बराच वेळ उजेडात धरून पाहिली. लोखंडात हे होत नाही, याचं त्यांना फार नवल वाटलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. 1986 ला दहावी, मग आयटीआय, नोकरी, आणि आजतागायत पेटीची साथ. देवल क्लबात, आपल्या कोल्हापूरच्या गाण्याच्या संस्थेत, मागच्या रांगेत बसून ऐकत शिकलो. मींड येत नाही ती येत नाहीच. पण पट्टी अर्धीच दाबली तर सूर जरा खाली राहतो आणि पूर्ण दाबताना वर येतो. पहिली पट्टी सोडायच्या आधी दुसरी धरली, त्याच क्षणी भाता हलका केला, तर ऐकणाऱ्याला घसरल्याचा भास होतो. हा भास नीट जमवायला मला वीस वर्षं लागली. अजूनही दहातल्या चार वेळा फसतो. गवयाची मींड लांब असली की मी हात उचलून गप्प बसतो. ती जागा कोणती, हे ओळखायलाही तेवढीच वर्षं लागली.

या जूनमध्ये शाळेने ती जुनी पेटी दुरुस्तीला माझ्याकडे पाठवली. सर आता नाहीत, आबाही नाहीत. भात्याचं कातडं फाटलं होतं, खालचा कप्पा धुळीने भरला होता. मी आधी पांढरी चार काढली. जिभेच्या मुळाशी कानशीचे तिरपे ओरखडे, टोकाशी आणखी थोडे, बारीक, अधिक सावध हाताने ओढलेले. सगळ्या रीड साफ केल्या, सुरात आणल्या, तिला मात्र फक्त मऊ ब्रशने पुसली.

रात्री तंबोरा काळी एकमध्ये लावला आणि ती पट्टी दाबली. लहर होती, तशीच, सेकंदाला जवळपास तीन. सकाळी पेटी रिक्षात घालून शाळेत पोचती केली. समारंभाच्या प्रार्थनेला वाजवायला मी येणार आहे. पट्टी पांढरी एकच ठेवा, मुलांना तीच सोयीची आहे.