खडकावर फोन ठेवला आणि उत्तर दिशा हलली

"तुझा डोंगर वेगळा आहे का माझ्यापेक्षा?"

जोडीदारणीनं स्वतःची वही माझ्या फोनशेजारी धरली आणि विचारलं. दिवसभर आम्ही दोघी एकाच पांढऱ्या क्वार्टझाइट खडकावरून हिंडत होतो, बराचसा वेळ एकमेकींपासून दहा पावलांवर. तिच्या वहीत थरांचा स्ट्राइक, म्हणजे त्यांची दिशा, १५ ते २५ अंशांच्या मध्ये, माझ्या फोनमध्ये ४५ ते ५५. माझ्या एकूण ४१ नोंदी, आणि स्ट्राइक एकीचाही तिच्याशी जुळेना.

जागा स्कॉटलंडच्या वायव्य कोपऱ्यातली, आसिंट. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना भूशास्त्रीय नकाशा करायला शिकवण्यासाठी विद्यापीठं इथं येतात, आणि आमच्यासारखे संशोधक विद्यार्थी मदतनीस म्हणून सोबत असतात. मुलं कामाला लागण्याआधी दोन दिवस आम्ही मदतनिसांनी तोच भाग जोडीजोडीनं मापून घ्यायचा, एकानं होकायंत्र आणि वही घेऊन, दुसऱ्यानं फोन किंवा टॅब्लेट घेऊन, असं प्राध्यापकांनीच ठरवलं होतं. हेतू काय होता ते त्या संध्याकाळी कळलं.

स्ट्राइक आणि डिप म्हणजे काय, ते कौलारू छपरावरून समजतं. उतार किती अंशांचा तो डिप, आपल्या पुस्तकांतली नति. आढं कुठल्या दिशेनं गेलंय तो स्ट्राइक, म्हणजे नतिलंब. कलंडलेल्या प्रत्येक थराची ही दोन मापं घ्यायची आणि नकाशावर मांडायची. बाकीचा सगळा डोलारा त्यावर उभा.

मी आधी संशय घेतला तो तिच्यावरच. छप्पर जितकं सपाट, तितकं आढं नक्की कुठल्या दिशेला आहे ते सांगणं अवघड. इथले थर जेमतेम १२ अंशांनी कलंडलेले, तेव्हा हातातल्या होकायंत्रानं पाच-सात अंश इकडेतिकडे होणारच, असं मी तिला ऐकवलं. तिनं वाद घातला नाही. फक्त म्हणाली, "डिप बघ." दोघींचे डिप होते ११, १२, १३. तंतोतंत जुळत होते. चुकला होता तो फक्त स्ट्राइक, आणि तोही दर वेळी एकाच बाजूला.

तिथं माझी ट्यूब पेटली. फोन डिप मोजतो तो आतल्या त्वरणमापकानं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या आधारानं. गुरुत्वाकर्षणाला कुणी फसवू शकत नाही. दिशा मात्र तो चुंबकत्वमापकाकडून घेतो, आणि त्याला फसवायला एक छोटंसं चुंबक पुरतं. माझ्या फोनच्या पाकिटासारख्या कव्हरची झडप बंद राहावी म्हणून तिच्यात नेमकं तेच बसवलेलं होतं. सकाळी झडप उघडी ठेवून मी फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवला, त्याचं कॅलिब्रेशन करून घेतलं. मग खडकावर ठेवताना झडप मागं दुमडायला लागले. चुंबक फोनच्या पाठीशी गेलं आणि दिवसभर उत्तर दिशा पश्चिमेकडं ओढल्यासारखी झाली. हातोडा बाजूला ठेवून मगच होकायंत्र काढायचं, हे पहिल्या वर्षापासून अंगवळणी पडलेलं. फोन हेही होकायंत्रच आहे, एवढंच डोक्यात शिरलं नव्हतं.

आता थोडं इथल्या खडकांविषयी, कारण त्यांच्याशिवाय ही सगळी यंत्रं बिनकामाची. तळाला लुइशियन नाइस हा पट्टेदार खडक, त्याचा काही भाग सुमारे तीन अब्ज वर्षांचा. त्यावर टोरिडोनियन वालुकाश्म, साधारण एक अब्ज वर्षांचा, लालसर आणि जवळजवळ आडवा. त्यावर कँब्रियन काळातला आमचा पांढरा क्वार्टझाइट. त्यातल्या एका थराला पाइप रॉक म्हणतात, कारण समुद्रतळाच्या वाळूत प्राण्यांनी उभी बिळं केली होती आणि ती दगडात पांढऱ्या नळ्यांसारखी दिसतात. मुळात ती थराला काटकोनात असतात. जिथं खडक सरकून पिळवटला आहे तिथं त्याच नळ्या तिरक्या झालेल्या सापडतात, आणि त्यावरून खडक किती ओढला गेला याचा अंदाज येतो. आणि या सगळ्यावर, पूर्वेकडून येऊन बसलेला मोइन शिस्ट. खालच्या कँब्रियन खडकांपेक्षा हा वरचा जुना! एकोणिसाव्या शतकात यावर मोठा वाद झाला. बेन पीच आणि जॉन हॉर्न या जोडगोळीनं इथं वर्षानुवर्षं पायी फिरून नकाशे केले, १९०७ साली त्यांचा ग्रंथ आला. जुना खडक नव्यावर सरकून बसला आहे, हा मोइन थ्रस्ट, हे त्यांनी इंचाइंचानं दाखवून दिलं. त्यांच्या नकाशाचं प्रमाण एका मैलाला सहा इंच, म्हणजे १:१०,५६०. मुलं आज १:१०,००० वर काम करतात, फार काही बदललेलं नाही.

बदललं ते 'मी कुठं आहे' या प्रश्नाचं उत्तर शोधणं. कागदावर काम करणारा कुन्याग, कॅनिस्प, सुल्व्हेन अशा दोन-तीन शिखरांकडं होकायंत्र रोखतो, नकाशावर तिथून रेषा ओढतो, आणि त्या जिथं छेदतात तिथं आपण. धुकं उतरलं की संपलं. पडद्यावर मात्र निळा ठिपका असतोच. मोबाइलचं नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं, नकाशा तेवढा आधी उतरवून घ्यावा लागतो. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची चूक साधारण पाच मीटर. गंमत अशी, की १:१०,००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलरेघ जमिनीवर बरोबर पाच मीटर व्यापते. म्हणजे फोनची चूक एका रेघेएवढीच.

अडचण तिथं नाही. कागदावरची रेघ जाडच राहते, तुम्ही कितीही डोळे बारीक करा. पडद्यावर दोन बोटांनी नकाशा मोठा करता येतो. मुलं तो इतका मोठा करतात, की दोन खडकांमधली सीमा वीतभर अचूकतेनं काढून मोकळी होतात. आणि प्रत्यक्षात ती सीमा असते दलदलीतल्या काळ्या पीटखाली, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराखाली गाडलेली, कुणाच्याच नजरेला न पडलेली. दिसलेली सीमा सलग रेघेनं, अंदाजाची तुटकतुटक रेघेनं काढायची, हा जुना नियम. टॅब्लेटवरही रेघेचा प्रकार बदलता येतो. पण त्यासाठी एक बटण जास्त दाबावं लागतं, आणि पाऊस पडत असताना ते एक बटण फार दूर असतं. पावसाचे थेंबही पडद्याला बोटंच वाटतात. एका मुलाच्या नकाशावर आभाळानंच एक फॉल्ट, म्हणजे खडक सरकल्याची भेग, काढून ठेवला होता.

दुसरी खुपणारी गोष्ट म्हणजे यादी. नकाशा आणि नोंदींसाठी आम्ही क्यूफील्ड हे अ‍ॅप वापरतो. ते मोफत आहे, आणि नोंदीचा तक्ता आपल्याला हवा तसा आखता येतो. आमच्या तक्त्यात खडकाचं नाव यादीतून निवडायचं होतं, ते निवडल्याशिवाय नोंद पुढं सरकेना. वहीत लोक लिहितात, "करडा, बारीक कणांचा, बहुधा चुनखडी? उद्या परत बघणे." यादीत 'बहुधा'ला जागा नव्हती. मुलं एकेका खडकाला नाव चिकटवत सुटली, आणि रात्री नकाशावर सगळं कसं छान रंगीत आणि चुकीचं. तिसऱ्या दिवशी यादीत सर्वांत वर मी 'अजून कळलं नाही' असा पर्याय घातला. त्या दिवशी सगळ्यांत जास्त वेळा तोच निवडला गेला. मला फार बरं वाटलं.

एका बाबतीत मात्र मी फोनच्या बाजूनं कुणाशीही भांडेन. ती बाब म्हणजे स्टिरिओनेट. ही एक वर्तुळाकार जाळी असते, तिच्यावर प्रत्येक थर एका ठिपक्यानं दाखवता येतो. थरांना घडी पडली असेल तर ठिपके एका कमानीवर रांगेत बसतात आणि त्या कमानीवरून घडीचा अक्ष कुठल्या दिशेला आहे ते कळतं. हे काम पूर्वी रात्री मुक्कामावर, ट्रेसिंग पेपर आणि टाचणी घेऊन व्हायचं. चूक कळायची ती डोंगर दहा किलोमीटर मागं राहिल्यावर. आता ओढ्याच्या काठावर उभं राहून बारा मापं घेतली, की कमान तिथल्या तिथं डोळ्यांसमोर येते. दोन मुलींनी ती बघितली. अक्ष ज्या बाजूला दाखवत होता तिकडं काठाकाठानं चालत गेल्या, आणि घडीचा बाक त्यांना खरंच सापडला. त्यांच्या ओरडण्यानं पलीकडच्या उतारावरच्या मेंढ्या पांगल्या.

तर माझ्या ४१ नोंदी. सगळ्यांतून तीस अंश वजा करून मोकळं व्हावं, असा मोह झाला होता. पण चुंबकाची चूक फोनच्या दिशेनुसार बदलते, तेव्हा तसली वजाबाकी म्हणजे शुद्ध बनवाबनवी. दुसऱ्या दिवशी कव्हर खोलीवर ठेवलं, फोन पुन्हा आठाच्या आकड्यात फिरवला आणि एकेक ठिकाण परत गाठायला निघाले. ते जमलं, कारण माझी प्रत्येक नोंद निळ्या ठिपक्यासकट साठवलेली होती, आणि प्रत्येकीला फोटो होता. जोडीदारणीच्या वहीवरून मला तिची अर्धी ठिकाणंही सापडली नसती, हे तिनंही कबूल केलं. 'ओढ्याजवळचा मोठा दगड' अशी तिची नोंद होती, आणि त्या ओढ्याजवळ मोठे दगड मी मोजले ते सतरा.

शेवटचं ठिकाण दुपारी चारला आलं. फोन म्हणत होता, तू बरोबर त्या जागेवर उभी आहेस. पायाखाली नुसतं हेदरचं बुटकं झुडूप आणि चिखल. आदल्या दिवशीचा फोटो उघडून बघितला. पांढऱ्या दगडावर शेवाळासारखी वाढलेली दगडफुलांची दोन वर्तुळं, एक मोठं आणि त्याला चिकटून एक छोटं. चार-पाच मीटर डावीकडं हेदर बाजूला सारल्यावर ती दोन्ही वर्तुळं दिसली. फोन ठेवला. डिप १२, स्ट्राइक १९. शेजारी तिचं होकायंत्रही ठेवून बघितलं, २१. तेवढ्यात वारा पडला, मिज म्हणतात त्या चावऱ्या चिलटांचा ढग अंगावर आला, आणि आम्ही दोघी होकायंत्र, फोन, वही, सगळं छातीशी धरून उतारावरून पळत सुटलो.