आमची वाटचाल : सायलेन्सरमधल्या फटाक्यांपासून

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मिस्त्रींच्या हाताखाली सात वर्षं काढली आणि मग भाड्याच्या शटरमध्ये स्वतःचं गॅरेज टाकलं, तेव्हा पान्यांचा एक डबा आणि मदतीला एक पोरगं, बस्स. सुरवातीलाच एक जुनी पॉइंटवाली, म्हणजे जुन्या पद्धतीच्या इग्निशनची बुलेट आली, रेस सोडली की सायलेन्सरमधून फाट फाट. मी लगेच हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर उघडला, त्यातला पेट्रोलचा बारीक जेट साफ केला, स्क्रू फिरवून मिक्स्चर रिच केलं, म्हणजे पेट्रोल वाढवलं, आवाज जरा दबला, पैसे घेतले. आठवड्यात मालक दारात, "मिस्त्री, फटाके हाईतच की, वर ॲव्हरेज पण पडलं!" प्लग काढला तर कोळशागत काळा. लई लाज वाटली.

गाडी घेऊन परत आमच्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी गार इंजिन चालू करून सायलेन्सरचं तोंड फडक्यानं जरा दाबलं आणि इंजिनच्या हेडजवळ बेंडच्या, म्हणजे सायलेन्सरकडं जाणाऱ्या पाइपाच्या जोडावर साबणाचं पाणी सोडलं, झाले की बुडबुडे! जोडातलं गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी चकती, गेलेलं. रेस सोडल्यावर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरात जातं, त्या फटीतनं बाहेरची हवा आत ओढली जाते आणि गरम पाइपात भडका उडतो. गॅस्केट मिसळीच्या प्लेटपेक्षा स्वस्त, आणि मी कार्बोरेटरशी कुस्ती करत बसलेलो.

तेव्हापासून आधी जोड, मग प्लग, मग टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हची फट, कार्बोरेटरला हात शेवटी. आवाज कार्बोरेटरकडनंच येत असंल, म्हणजे गाडी शिंकते म्हणतो आम्ही, तर गोष्ट वेगळी, तिथं कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबराला चीर, ठिणगीचं टायमिंग किंवा इनलेट व्हॉल्व्ह बघायचा.

2019 च्या पुरानंतर चिखली, आंबेवाडीच्या गाड्यांची रांगच लागली, टाकीत पाणी, सायलेन्सरात गाळ. आम्ही धुऊन दिल्या, पण काही महिन्यांनी त्यातल्याच काही फुटफुटत परत आल्या कारण सायलेन्सर आतनं गंजून भोकं पडलेली. 2020 ला धुराचा नवा नियम बीएस सिक्स आला, कार्बोरेटर जाऊन सेन्सरवर चालणारं पेट्रोलचं इंजेक्शन आलं, त्यातला दोष वाचायला हप्त्यावर स्कॅनर घेतला. तरी साबणाचं पाणी सुटलं नाही, आणि ट्रायल अजून जोतिबाच्या उतारालाच, रेस सोडून खाली यायचं आणि कान द्यायचा.

आता पोरं येतात ती उलट, "सायलेन्सरमधनं फटाके वाजतील असं करून द्या की मामा!" नाही म्हणतो, सायलेन्सरातल्या धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरची वाट लागते. मग जातात दुसरीकडं, आणि काही जण परत येतात, आवाज बंद करून घ्यायला.