कळण्याची भाकरी आता रात्री

पार्किन्सन झालाय असं गावात कळलं की आमच्या खानदेशातल्या चोपड्यात दोन गोष्टी हमखास घरी येतात. एक केळी, दुसरी खाजकुइरीच्या बिया. या आजारात मेंदूत जे कमी पडतं ते डोपामाइन केळ्यांत असतं हे कुणीतरी मोबाईलवर वाचलेलं असतं आणि बिया सातपुड्यातून आलेल्या असतात. परवा भाजीवाली मावशी पदराची गाठ सोडून पुडी माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "माय, ह्या बिया दूधमा उकाळीसन पी ले." तिची माया खरी आहे. म्हणून हे नीट लिहावंसं वाटलं.

केळ्यांत डोपामाइन खरोखरच असतं, गरापेक्षा सालीत जास्त. पण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. म्हणूनच आपल्याला गोळी डोपामाइनची नाही, लेव्होडोपाची देतात. लेव्होडोपा मेंदूत पोचतं आणि तिथे त्याचं डोपामाइन होतं. केळं मी रोज खाते ते आवडतं म्हणून, आणि गिळायला सोपं जातं म्हणून.

खाजकुइरीची गोष्ट वेगळी. आयुर्वेदातली कपिकच्छू ती हीच. तिच्या बियांत खुद्द लेव्होडोपा असतं, हे १९३७ साली आपल्याच देशातल्या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं. १०० ग्रॅम बियांत साधारण ४ ते ६ ग्रॅम, बी कुठली त्यावर कमीजास्त. म्हणजे ५ ग्रॅमचा एक चमचा भुकटी घेतली तर त्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम लेव्होडोपा जाऊ शकतं, आणि गोळी तर आपण १०० मिलिग्रॅमची मोजून घेतो. गोळीत कार्बिडोपाही असतं. लेव्होडोपा वाटेतच, मेंदूबाहेर खर्ची पडू नये म्हणून ते घातलेलं असतं. बीमध्ये ते नाही, त्यामुळे मळमळ, उलटी जास्त. वर आपली गोळी चालूच असली तर दोन्हींची बेरीज होते: अंग आपोआप वळवळतं, उभं राहताना रक्तदाब उतरून चक्कर येते, कुणाला भास होतात. "झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार?" असं कुणी म्हणालं की मला राग येतो. ही बी औषध आहे, म्हणूनच ती न सांगता घ्यायची नाही. घ्यायचीच असेल तर पुडी घेऊन मेंदूच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्यासमोर उघडा.

हळदीचंही विचारतात. प्रयोगशाळेत तिच्यातल्या कर्क्युमिनचे गुण दिसलेत, पण पोटातून ते अंगात फार थोडं उतरतं. भाजीत हळद घालतेच आहे, तेवढी पुरे.

या सगळ्यापेक्षा माझ्या दिवसात खरा फरक पाडला तो डाळीच्या वेळेने. आपलं खानदेशी जेवण बघा: वरण-बट्टी, शेवभाजी, पाटवड्या, डुबुकवडे, ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी. सगळीकडे तूर, बेसन, उडीद. डाळीतली प्रथिनं पचून जे घटक सुटतात, ते आणि लेव्होडोपा एकाच वाटेने आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातात. चोपडा स्टँडवर यात्रेच्या दिवशी एसटीच्या एकाच दारातून सगळे चढू बघतात, तसं. गोळी खालीच राहते. दुपारी वरण-बट्टी झाली की तीन-चारच्या सुमाराला माझे पाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी चिकटून बसायचे. गोळी घेतलेली असायची, पण चढायचीच नाही. सगळ्यांना असं होत नाही. बरीच वर्षं औषध चालू असलेल्या, असर वरखाली व्हायला लागलेल्या आमच्यासारख्यांना ते जास्त जाणवतं.

आता गोळी जेवणाआधी अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर. लोहाची गोळी तिच्यासोबत घेत नाही, तीही लेव्होडोपाला धरून ठेवते. दुपारी ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी, बिनडाळीची. वरण, उसळ, दूध, कळण्याची भाकरी सगळं रात्री. डाळ बंद केलेली नाही, हे ठासून सांगते. या आजारात वजन आणि ताकद दोन्ही उतरतात, प्रथिनं तोडली तर आणखी उतरतील. फक्त वेळ हलवली, तीही डॉक्टरांना विचारून.

भाकरी अजून मीच थापते. डावा हात आखडतो, परात आपोआप फिरवता येत नाही. म्हणून पीठ थोडं सैल, उकळत्या पाण्याने मळते आणि उजव्या तळव्याने थापत परात कोपराने ढकलते. कळण्याच्या भाकरीची कड चिरते, ज्वारीची निभावते. गोळी चढलेली असताना थापायला बसलं की दोन्ही जमतात, म्हणून स्वयंपाकाची वेळही गोळीवर बेतली आहे.

पोट साफ नसेल तर गोळी पुढे सरकायलाच उशीर होतो. बद्धकोष्ठ या आजारात कंपाच्या कितीतरी वर्षं आधीपासून असू शकतं. आमच्याकडचा उन्हाळा ध्यानात धरून पाण्याची बाटली मी नजरेसमोरच ठेवते.

राहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पुरण हरभऱ्याच्या डाळीचं, आणि जेवणं दुपारची. सुनेने तोड काढली: नैवेद्य झाला की मला आमरस, कुरडया आणि भात. खापरावरची पुरणपोळी रात्री, दूध-तुपासकट.

दुपारच्या बिनडाळीच्या भाज्यांचे माझे प्रकार आता संपत आलेत. तुमच्याकडे काय करतात ते जरूर कळवा.