तुम्ही विचारलंत म्हणून: दशांश एकूण पगारावर की हातात येणाऱ्या?

उपासना संपून चपला घालेपर्यंत कुणीतरी विचारतंच. एकूण पगार 30,000, हातात 26,000. मग दशांश, म्हणजे देवासाठी काढायचा दहावा भाग, 3,000 की 2,600? या चारशे रुपयांसाठी बायबलमध्ये वचन शोधू नका, तसं वचन नाही. मोशेच्या नियमशास्त्रातला दशांश धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा, गुराढोरांचा. मजुराच्या रोजावर तो कुठं सांगितलेला नाही.

जिथं सांगितलाय तिथं मात्र हिशेब चोख. मेंढरं काठीखालून एकेक जायची. दहावं परमेश्वराचं, मग ते धष्टपुष्ट असो की मरतुकडं. अदलाबदल केलीत तर दोन्ही गेली. धान्य स्वतःकडेच ठेवायचं असेल तर किमतीवर पाचवा हिस्सा जास्त, म्हणजे हजाराच्या धान्याचे बाराशे (लेवीय 27). उपासनास्थानाची सेवा करणाऱ्या लेवी वंशाच्या लोकांनी मिळालेल्या दशांशातला दहावा भाग याजकाला द्यायचा (गणना 18). आणि अनुवाद 14 मध्ये तर दशांश घरच्यांसोबत परमेश्वरासमोर बसून खायचा! वाट लांबची असेल तर विकून पैसे गाठीला बांधायचे, तिथं पोचून मन मानेल ते घ्यायचं. दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवायचा: लेवी, परका, अनाथ, विधवा यांच्यासाठी. हा भाग व्यासपीठावरून फारसा वाचला जात नाही.

मग देऊच नये? तसं म्हटलेलं नाही. पूर्वी मी मलाखी 3:10 (‘सगळा दशांश भांडारात आणा’) तोंडावर फेकून ‘एकूण पगारावर’ म्हणायचो आणि विषय मिटवायचो. त्यातलं भांडार म्हणजे धान्याचं कोठार, हे तेव्हाही ठाऊक होतं, सोयीचं नव्हतं. नहेम्या 13 मध्ये लेवींचे वाटे पोचले नाहीत म्हणून ते आपापल्या शेतांवर निघून गेले. प्रांताधिपती नहेम्याने लोकांकडून दशांश आणवला, आणि लगेच कोठारांवर विश्वासू ठरलेली माणसं नेमली. नुसता दशांश आणवला असता तर भागलं नसतं.

याहून बोचरा प्रसंग 2 राजे 12 मधला. यहूदाच्या योवाश राजाने याजकांना सांगितलं, लोकांकडून येणारा पैसा घ्या आणि मंदिराची पडझड दुरुस्त करा. त्याच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी काम झालेलं नाही. पैसे खाल्ले असं शास्त्र म्हणत नाही. दुरुस्ती झाली नाही, एवढंच म्हणतं. घेणारा आणि खर्च करणारा हात एकच होता. राजाने यहोयादा याजकाला आणि इतरांना बोलावून जाब विचारला आणि पैसे घेणं बंद करवलं. मग यहोयादाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि वेदीजवळ, आत शिरताना उजव्या हाताला ठेवली. दारावरचे याजक आलेला पैसा तिच्यात टाकत. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून मोजत, थैल्यांत बांधत. एक राजवाड्याचा माणूस, एक मंदिराचा. तिथून पैसा थेट कामावरच्या देखरेख्यांकडे, त्यांच्याकडून सुतार, गवंडी, पाथरवट, लाकूड, घडीव दगड. चांदीची भांडी या पैशातून नाहीत. दोषार्पणाचा (अपराधाबद्दलच्या अर्पणाचा) पैसा वेगळा, तो याजकांचा.

याच अध्यायातलं पंधरावं वचन मला हमखास ऐकवलं जातं: त्या माणसांकडून हिशेब घेत नसत, कारण ती सचोटीने वागत. मग आपल्या मंडळीच्या कमिटीकडून कशाला मागता? अहो, ते मजुरी वाटणाऱ्यांबद्दल आहे. त्यांच्या हाती पडण्याआधीच पैसा दोघांनी मोजलेला होता. तरी वचन आहे तसं आहे; विश्वासाला जागा ठेवतं, हे नाकारता येत नाही. प्रेषित पौल मात्र करिंथच्या मंडळीच्या देणगीसोबत मंडळ्यांनी निवडलेला माणूस पाठवतो, कुणाला दोष द्यायला जागा राहू नये म्हणून (2 करिंथ 8).

त्यामुळे चारशे रुपयांचं उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही 3,000 दिलेत तर बरंच. 2,600 दिलेत म्हणून चोर ठरवणारा मी कोण? पण पेटी कोण उघडतं, किती जण मोजतात, हे विचारायला लाजू नका.

आणि योवाश? त्याच अध्यायाच्या शेवटी अरामाचा राजा हजाएल यरुशलेमेवर चालून येतो, आणि योवाश पूर्वजांनी नि स्वतः वाहिलेल्या वस्तू, मंदिराच्या नि राजवाड्याच्या भांडारातलं सगळं सोनं काढून त्याला पाठवून देतो.