४५-७० चा लॉग: दोष रायफलीचा नव्हताच

मंडळी, मागच्या वेळी मी छातीठोकपणे लिहिलं होतं की माझ्या ४५-७० काडतुसाच्या रायफलीचा १०० यार्डावर सहा इंचाचा ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पसारा) येतोय आणि घोळ रायफलीत आहे, तर ते शब्द परत घेतो.

झालं असं, रेंजवरच्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने माझी मार्लिन १८९५ मागून घेतली, पाठ करून काडतुसं भरली आणि मधेच दोन डमी (बिनदारूची खोटी काडतुसं) सरकवले. तिसरा निघाला फुसका बार. घोडा नुसता टक् वाजला आणि धक्क्याच्या भीतीने नळी चांगली वीतभर खाली, डोळे गच्च मिटलेले! लाजच वाटली राव.

मग ३२५ ग्रेनची (हे गोळीचं वजन) जोरदार काडतुसं बाजूला ठेवून ४०५ ग्रेनची साधी आणली, सेकंदाला जेमतेम १३३० फूट. ती मुद्दाम मवाळ ठेवतात कारण हे काडतूस १८७३ चं, कुणाच्या तरी माळ्यावर त्या काळातली जुनी ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड रायफल असते, तिला जोरदार बार सोसत नाही आणि तो पठ्ठ्या हीच गोळी तिच्यात घालणार. धक्का बसतो पण फटका नाही, कुणी खांद्याला धरून मागे रेटावं तसा. दोन महिने हेच, दर पाचात एक डमी. ग्रुप आता अडीच इंच, नेम धरायची माशी तीच, रायफल तीच.

लिव्हर (नवं काडतूस आत घेणारा घोड्याखालचा दांडा) मात्र पूर्ण मारायची, हात आखडला की काडतूस अर्ध्यात अडकतं. आणि नव्या लोकांनो, नळीखालच्या ट्यूबमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात, एकाचं टोक पुढच्याच्या प्रायमरला (बुडाची, ठिणगी पाडणारी टोपी) टेकतं, त्यामुळे टोकदार धातूची बुलेट नको, सपाट तोंडाची नाहीतर हॉर्नडीची रबरी टोकाचीच घ्या.

आमच्या कुडाळच्या आजोबांकडे शेत राखायला ठासणीची बंदूक होती, एक बार काढून परत दारू ठासेपर्यंत डुक्कर पुढच्या वाडीत. गंमत बघा, १९७२ ला तिकडे वन्यजीव कायदा आला आणि त्याच साली इकडे अमेरिकेत मार्लिनने ४५-७० परत बाजारात आणली.

कोलोराडोचा एल्कचा (मोठं हरीण) टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, हातात आहे, भगवं जाकीट आणि टोपी घेतली (५०० चौरस इंच लागतं म्हणे, मोजलं नाही, आहे भरपूर). ३२५ ची पेटी परवा पुन्हा उघडली. तिच्यावर लिहिलंय, १०० ला तीन इंच वर लावली तर २०० ला चार खाली आणि ३०० ला अठ्ठावीस, म्हणून १५० च्या पुढे बार काढायचा नाही असं ठरवलंय. पाच डमींत चारदा नळी हलली नाही. पाचव्याला हलली.